सुमनच्या हिश्श्याचा कायदा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोराला नाही, सुनेला नाही, देवळातही नाही. तुम्हाला का सांगते आहे, ते मला धड माहीत नाही. तुम्ही माझं लिहिलेलं वाचत आलात, खरं मानत आलात — म्हणून असेल.

मी चौथी शिकलेली बाई. शिवाजी पेठेत राहते. उन्हाळा आला की लोकांना कांदा-लसूण चटणी करून देते, हा माझा धंदा. बचत गटातल्या एका बाईनं मला फोनवर ब्लॉग काढून दिला. बोललं की अक्षरं आपोआप उमटतात, मग शिकायचं काय राहिलं? मी चटणीबद्दल सांगायची — खोबरं कधी भाजायचं, मिरची कुठली घ्यायची. वाचायला गटातल्याच बायका.

मग एकदा रेशनच्या कुठल्याशा नव्या नियमावर चार ओळी बोलले. त्या खऱ्या निघाल्या. कशा निघाल्या? नशिबानं. पण पेठेत बातमी झाली, की आज्जीला कायदा कळतो. तालमीच्या कट्ट्यावरची पोरं मला बघितली की ओरडायची, "आज्जी, आज कुठलं कलम?" मी पण वर तोंड करून सांगायची, "तुझ्या बापाला विचार, त्याच्यावर लागलंय ते." सगळे हसायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

चटणी मी चाखल्याशिवाय कधी डब्यात भरली नाही. कायदा मात्र न चाखताच वाढत सुटले. दुसऱ्या कुणाच्या ब्लॉगवर वाचायचं आणि आपल्या ठसक्यात सांगायचं, एवढंच. मूळ कागद कुठं असतो, तो बघायला कुठं जायचं — कधी विचारलं का मी? तलाठ्याची चावडी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गेले नाही.

आता मुद्द्यावर यायला हवं. मी उगाच फिरते आहे, कळतंय मला.

झालं असं. सांगलीकडच्या एकाच्या ब्लॉगवर मी वाचलं, की नवा कायदा येतो आहे असं ऐकलं — लग्न झालेली बहीण जमीन स्वतः कसत नसेल, तर सातबाऱ्यावरचा तिचा हिस्सा सरकारजमा होणार. बहिणींनी दिवाळीच्या आत भावांच्या नावे हक्कसोड करून दिली, तरच जमीन घरात राहील. त्या माणसानं निदान 'ऐकलं' असं लिहिलं होतं. मी लिहिलं, कायदा झाला. वर आणखी, "बायांनो, झोपू नका." तो लेख माझ्या सगळ्या लेखांपेक्षा जास्त पसरला. नंतर बघते तर त्या सांगलीवाल्यानं पुन्हा लेख लिहिलेला, आणि पुरावा म्हणून माझंच नाव दिलेलं. मला त्यातही मोठेपणा वाटला. आणखी काय सांगू?

सुमन माझ्या माहेरची, उचगावची. आमच्या शेजारघरची पोर. मी लग्न होऊन पेठेत आले तेव्हा ती माझ्या कडेवरून उतरायला तयार नव्हती. पुढं तिला नवऱ्यानं टाकली, तेव्हापासून ती माहेरी मागच्या खोलीत राहायची. दोन भाऊ, दोन भावजया. बापाच्या शेतात तिचा हिस्सा होता. भाऊ म्हणायचे, "हक्कसोड दे, तुला काय कमी करतोय व्हय?" आपल्याकडं बहिणीनं हिस्सा मागितला की माहेर तुटलं असं धरतात. साडी घ्यायची, ओटी भरून घ्यायची, जेवायचं आणि सही करून यायचं — अशी रीत. पण सुमन अडून बसली होती. मला म्हणायची, "आक्का, ती खोली माझ्या जिवावर न्हाय, त्या हिश्श्याच्या जिवावर हाय." शहाणी होती. माझ्यापेक्षा कितीतरी.

मग थोरल्या भावानं तिला माझा लेख वाचून दाखवला. फोन तिच्यापुढं धरून म्हणाला, "हे बघ, तुझ्या आक्कांनीच लिवलंय की."

इथपर्यंत असतं तर मी स्वतःला अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. चौथी शिकलेली बाई, चुकली. खरं की नाही? पण इथपर्यंत नाही.

त्या दिवसांत माझ्या लेखाखाली एका वकीलबाईनं लिहिलं, "आजी, असा कायदा झालेला नाही. तुम्ही कुठे वाचलंत?" मी ते पुसून टाकलं. तिनं पुन्हा लिहिलं. मी पुन्हा पुसलं. मग एका दुपारी ती पत्ता काढून दारात आली. चांगली बाई. चटणीचा डबा घेतला, पाणी प्यायली, आणि मला समजावून सांगत बसली — मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो, शेत कसलं नाही म्हणून सरकार तो घेत नाही, असला कायदा आलेला नाही आणि येऊही घातलेला नाही. आवाज चढवला नाही. म्हणाली, "आजी, तो लेख काढा. कुणीतरी वाचून सही करून बसेल." मला सगळं कळलं. नीट कळलं. मी म्हणाले, बघते.

लेख काढला तर पेठ काय म्हणेल? कट्ट्यावरची पोरं काय म्हणतील? ती गेल्यावर माझ्या डोक्यात हे होतं. दुसरं काहीच नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी सुमनचा फोन आला. भाकरी थापत होते, तशाच पिठाच्या हातानं घेतला. म्हणाली, "आक्का, उद्या दस्त हाय. कचेरीत जायचंय. भावांनी साडी बी आणलीया. तुमी सांगा, करू न्हवं सही?"

मी म्हणाले, "कर."

एवढंच. एक शब्द. 'थांब' म्हणायलाही तेवढाच वेळ लागला असता. दुपारी ऐकलेलं सगळं माझ्या डोक्यात ताजं होतं आणि मी कर म्हणाले. वर म्हणाले, "मी लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलंय."

तिनं सही केली. वर्षाच्या आत शेताचे प्लॉट पडले. जुनं घर पाडून भावांनी नवं बांधलं. त्यात सुमनला खोली नव्हती. तिला कुणी भांडून बाहेर काढलं नाही. घर बांधताना तिची खोली काढायचीच राहिली, असं तिची भावजय मला एका लग्नात भेटली तेव्हा हसत म्हणाली. मीही हसले.

सुमन आता वारणानगरला आहे. पोरींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला. तिथंच भांड्यांच्या खोलीशेजारी झोपते. मी चार-पाचदा तिच्याकडं गेले. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून गेले. एसटीत शब्द जुळवले. आणि तिथं जाऊन काय केलं? तिच्या हातचं जेवून आले. ती म्हणायची, "कायद्यापुढं आपलं काय चालतंय, आक्का? सरकारनं न्हेण्यापरास भावांकडं ऱ्हायलं, बरं झालं." तिला अजून वाटतं, की तिनं शेत वाचवलं. सांगा, यावर मी काय बोलायचं होतं? बोलायचं होतं. मला माहीत आहे काय बोलायचं होतं ते.

परवा गेले तेव्हा तिच्याबरोबर काम करणारी एक तरणी बाई कणीक मळत होती. तिचेही भाऊ हक्कसोड मागत होते. सुमन तिला म्हणाली, "आमच्या आक्कास्नी इचार. त्यांस्नी कायदा कळतोय." ती माझ्याकडं वळली. "आज्जी, करू का हो सही?"

माझ्या तोंडून निघालं, "करू नको. तसा कायदा नाही."

सुमनचं लाटणं थांबलं. सावकाश म्हणाली, "न्हाय म्हंजे? आता रद्द झाला व्हय?"

"कधी नव्हताच."

तव्यावरची चपाती करपायला लागली. तिनं ती उलटली नाही. तिचे डोळे भरले नाहीत, आवाज चढला नाही. नुसती विचारत होती, लहानपणी विचारायची तशी. "तुमास्नी कवा कळलं, आक्का?"

सहीच्या आदल्या दिवशी. तुझा फोन येण्याच्या आधी. त्याच दुपारी. — हे सगळं माझ्या जिभेवर होतं. ती तरणी बाई बघत होती. मी म्हणाले, "आत्ताच. अलीकडं कळलं."

सुमननं हात पदराला पुसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मग तुमी तरी काय करणार, आक्का. तुमास्नी म्हाईतच नव्हतं."

मी मान डोलावली.