टेलरमावशींचे दोन इंच

माप घ्यायचं, खूण करायची, कात्री चालवायची, या धंद्यात टेलरमावशींचा हात धरणारं कुणी नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी संधिवाताने बोटं धरली, तर त्याचाही त्यांनी बंदोबस्त केला. सकाळी उठल्या उठल्या स्टेरॉइडची बारकी पांढरी गोळी घ्यायची, तासाभरात मूठ उघडली की थेट मशीनवर बसायचं. डॉक्टरांनी एकच गोळी लिहून दिली होती. मावशी दोन घ्यायच्या, शाळांच्या गणवेशांची गर्दी असली की तीन. डॉक्टरांना कळलं तर गोळीच बंद होईल, मग कात्रीही सुटेल, या धास्तीने त्यांनी सुनेलाही कधी पत्ता लागू दिला नव्हता.

या खेपेला डॉक्टरांनी मानेची सोनोग्राफी आणि हाडांची तपासणी सांगितली तेव्हा मावशी चक्रावल्याच.

"दुखतात बोटं आणि बघणार मान?" त्या सुनेला म्हणाल्या.

"आई, या आजाराची सूज सांध्यांपुरती नसते म्हणे, रक्तवाहिन्यांतही असते."

"असेल बाई. उद्या केसही तपासतील."

मानेला गार जेल फासून झालं. मग हाडांच्या तपासणीआधी तिथल्या मुलीने त्यांना उंचीच्या पट्टीखाली उभं केलं. एकशे बावन्न सेंटिमीटर. फाइलमध्ये पहिल्या भेटीची उंची होती एकशे सत्तावन्न.

"तुझी पट्टी तपास," मावशी म्हणाल्या. "मापातलं मला शिकवू नकोस."

मुलीने बिचारीने पुन्हा मोजलं. तेच. मग मावशींनी पर्समधून स्वतःची टेप काढली, भिंतीला टेकून ताठ उभ्या राहिल्या आणि सुनेला मोजायला लावलं. बासष्टच्या जागी साठ इंच.

"हीसुद्धा ताणली मेली," त्यांनी टेप गुंडाळली. "कापडी टेप ताणली की माप कमी दाखवते. दोन वर्षांत दोन टेपा फेकल्या मी. माझे गाऊन पायात येतात ते काय उगीच?"

टेबलावर झोपवून वरून यंत्राचा दांडा सरकत गेला. ना सुई, ना दुखणं. एवढ्यासाठी अख्खा दिवस मोडला म्हणून त्या धुसफुसतच डॉक्टरांसमोर बसल्या.

"मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत वयाच्या मानाने जाड झालीय," डॉक्टर म्हणाले, "आणि हाडं विरळ."

मावशींना कळेना यातलं चांगलं कुठलं. जाड कापड टिकतं, हे त्या चाळीस वर्षं लोकांना सांगत आल्या होत्या. "जाड म्हणजे बरंच ना?"

"इथे नाही. आत जागा कमी होते, पुढे हृदयाला धोका. गोळी एकच घेता ना?"

"एकच."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "या गोळीने हाडं विरळ होतात, पण एकाच गोळीने इतकी? मग आणखी काहीतरी असणार." ते भराभर नव्या तपासण्या लिहायला लागले. खोटं आपण बोललो आणि कोड्यात पडला हा भला माणूस.

"आणि उंची दोन इंचांनी कमी कशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"टेप ताणलीय म्हणतात आई," सून म्हणाली. "स्वतःचे गाऊन लांब होतात त्यांचे."

"मग गिऱ्हाइकांचेही होत असतील. तक्रारी येतात का?"

"माझ्या हातच्या कपड्याला कुणाची टाप आहे नाव ठेवायची," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी पर्समधली टेप चाचपली. तीच टेप. तोच हात. वहीतली जुनीच मापं, गिऱ्हाइकांची आणि त्यांचीही. दोन वर्षांत एकाही गिऱ्हाइकाचा कपडा लांब झाला नव्हता. लांब होत होते ते फक्त त्यांचे.

"म्हणजे मीच आखूड झाले?" त्यांनी विचारलं.

"पाठीचे मणके दबले असावेत. एक्स-रे काढू. पाठ दुखते?"

"शिवणाऱ्याची दुखतेच." मग खाली बघत त्या म्हणाल्या, "डॉक्टर, दोन घेते मी. गर्दीत तीन."

सून बघतच राहिली. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी लिहिलेला कागद फाडून टाकला. "मनाने एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं. मी सांगेन तशी हळूहळू उतरवू. सांध्यांचं औषध बदलू, हाडांचं सुरू करू. रक्तदाब आणि रक्तातली चरबीही सांभाळावी लागेल. मधे बोटं मात्र त्रास देतील."

"किती दिवस?"

"नक्की नाही सांगता येत."

"आणि मूठ उघडलीच नाही तर कात्री कशी धरू, तेही तुम्हीच सांगा," मावशी म्हणाल्या.

बाहेर आल्यावर सुनेने हात पुढे केला. "गोळ्यांची डबी द्या, आई. उद्यापासून मोजून मी देईन. आणि रोज सकाळी कोमट पाण्यात बोटं धरून मूठ मी उघडेन तुमची. कितीही वेळ लागू दे."

मावशींनी पर्समधली डबी काढली. पण त्यांना ती सोडवेना. सुनेनेच मग एकेक बोट हळूच बाजूला करून ती काढून घेतली.