मुरलीधरची चार मिनिटं

आमच्या महाराजपुरच्या मराठी वाचनालयातला कॉम्प्युटर बारा वर्षं मुरलीधरच सुरू करायचा. फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस, कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स स्वतःच शिकलेला. बटण दाबलं की एक काम संपल्यावर दुसरं, असं करत चार मिनिटं जायची. तेवढ्यात हा चहा ठेवायचा, अन् आम्ही सिहोऱ्याच्या बसची वाट बघावी तसे बसायचो. मी गावच्या शाळेत सातवी शिकलेला. पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी मला मंत्रच वाटायच्या, अन् मुरलीधर भटजी!

दिवाळीत माझी नात प्रणोती आली. "मुरलीआजोबा, आता कॉम्प्युटर सुरू करायला सिस्टमडी असते. सगळी कामं एकदम सुरू होतात." तासाभरात बदललंही तिनं. वीस सेकंद! मी टाळ्या पिटल्या. मुरलीधरचं तोंड मात्र कारलं खाल्ल्यागत. चहाचं पाणीही उकळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुस्तकांची यादी रिकामी! बेबीताई पुस्तक न घेताच परतल्या.

"मुरलीआजोबा, जुन्या फायलीत चाळीस सेकंद थांबायची ओळ होती. मी काढली. काहून होती ती?"

"मला काय माहीत? तुझी नवीन सिस्टमडी हुशार आहे ना, तिलाच विचार जी!"

अन् कपबशा विसळायला वळला. पाठमोरा हसून राहिला होता लबाड. मला कळलं, पोरीवर जळतोय. मी तिसरीत असताना वर्गमित्राची नवी पाटी फोडली होती. ही जळण मी ओळखतो.

दोन दिवस वाचक रिकाम्या हातानं गेले. तिसऱ्या दिवशी अध्यक्ष विष्णुपंत म्हणाले, "चलो, कॉम्प्युटरच काढून टाकू. वहीच बरी."

मुरलीधर ताडकन उठला. "काढून? अहो, यादी जुन्या डिस्कवर आहे! ती म्हातारी उशिरा जागी होते. म्हणून थांबवत होतो!"

"एवढंच?" म्हणत प्रणोतीनं लिहिलं: आधी डिस्क, मग यादी. वर त्या पायरीला नाव दिलं, 'मुरलीधरआजोबांची डिस्क'.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. अर्ध्या मिनिटात यादी भरली. नाव पडद्यावर चमकून गेलं. मुरलीधर चष्मा पुसेस्तोवर गायब.

"बेटा," तो हळूच म्हणाला, "ती नावाची ओळ जरा थांबवता येते का?"

"किती वेळ, आजोबा?"

"जास्त नाही. चारेक मिनिटं."