मागच्या सीटवरचा पाहुणा

शाळेच्या स्वयंपाकघरातून दोनशे पोरांचं जेवण उरकून ईलिश क्रेबिन घरी आली, तेव्हा डेटलेफ तिच्या स्वयंपाकघरात चामड्याचा सूट घालून बसला होता. सकाळी ती गेली तेव्हाही तो तसाच बसला होता, त्याच खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून. आदल्या दिवशीही तसाच. फरक एवढाच, की आदल्या दिवशी बाहेर पाऊस होता आणि आज लख्ख ऊन.

"क्रेबिनबाई, आज डोंगर स्पष्ट दिसतोय," तो म्हणाला.

"दिसतोय तर बघा," ईलिश म्हणाली आणि किटली ठेवली.

मॅन बेटावर शर्यतीचे दोन आठवडे आले, की ईलिशचं डोकं फिरायचं. एरवी ज्या रस्त्याने माणसं दंतवैद्याकडे, चर्चला आणि बटाटे आणायला जातात, तोच सदतीस मैलांचा गोल रस्ता संध्याकाळी दोर लावून बंद करायचा आणि त्यावरून मोटरसायकली वाऱ्यासारख्या सोडायच्या. वर्तुळाच्या आत अडकलेला आत, बाहेरचा बाहेर. एकदा तिच्या आत्याच्या घरी केकवर मेणबत्त्या लागल्या होत्या आणि ज्यांनी त्या फुंकायच्या त्या आत्याबाई रस्त्यापलीकडे कुंपणाशी उभ्या होत्या. हे सगळं बेटावरच्या लोकांना इतकं अंगवळणी पडलंय, की कुणी तक्रारही करत नाही. ईलिश करायची. दरवर्षी करायची, आणि दरवर्षी वरची खोली डेटलेफला द्यायची.

डेटलेफ जर्मनीतल्या कासेलहून यायचा. अठरा वर्षं येत होता. शर्यतीला थांबायचा नाही, गर्दी सोसायची नाही त्याला. फक्त सरावाच्या आठवड्यात यायचा, दिवसा रस्ता सगळ्यांसाठी खुला असतो तेव्हा आपली मोटरसायकल घेऊन निघायचा आणि एक पूर्ण फेरी मारायचा प्रयत्न करायचा. त्याचा स्वतःचा नियम होता: शर्यत जिथे सुटते आणि संपते त्या ग्रँडस्टँडसमोरून सुटायचं आणि मार्ग न सोडता ग्रँडस्टँडसमोर यायचं. वाटेत थांबलं तर चालेल, पण मार्ग सोडला की फेरी बाद. अठरा वर्षांत ती फेरी झालेली नव्हती. कधी डोंगरावर धुकं, कधी पुढे अपघात होऊन रस्ता बंद, कधी साखळी तुटलेली. एका वर्षी मेंढ्या. बरं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं, तर हा माणूस म्हणायचा, "वर्षाला एकदाच. नाहीतर त्याला काय अर्थ?" या वाक्यावर ईलिशने अठरा वर्षं कपाळावर हात मारला होता.

यंदा मात्र तो मोटरसायकल न घेता आला. डाव्या हाताच्या तीन बोटांच्या शिरांचं ऑपरेशन झालं होतं आणि बोटं मिटत नव्हती. क्लच दाबता येईना, म्हणून हिवाळ्यात गाडी विकून टाकली. तरी आला. बोटीने, पायी, सूट अंगात घालून. ईलिशने दारातच विचारलं होतं, "गाडी नाही, हात नाही, मग आलात कशाला?"

"निरोप घ्यायला," तो म्हणाला होता. "पुढच्या वर्षी यायचं काही कारण नाही उरलं."

निरोप घ्यायला आलेला माणूस चार दिवस खुर्चीत बसून होता आणि उद्या सकाळी त्याची बोट होती. किटलीला उकळी आली. डेटलेफने मान वळवून पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही गॅस नेहमी जरा जास्त ठेवता."

ईलिशने गॅस बंद केला. "उठा."

"काय?"

"उठा म्हणते ना. माझ्या गाडीच्या मागे बसा. तुमची ती फेरी एकदाची होऊन जाऊ दे, म्हणजे माझं स्वयंपाकघर मला परत मिळेल."

तिची गाडी म्हणजे अडीचशे सीसीची मोटरसायकल, ऊन असो, गारा असो, तिला शाळेत नेऊन आणणारी. साठीला आलेली ईलिश या बेटावर जन्मली होती, पण त्या मार्गाची अख्खी फेरी तिने एकदाही मारलेली नव्हती. कशाला मारेल? आपल्याच घराला बाहेरून प्रदक्षिणा कोण घालतं? या तुकड्यावरून बहिणीकडे, त्या तुकड्यावरून कामाला. तुकडे सगळे पाठ होते, जोडलेले कधी नव्हते.

ग्रँडस्टँडसमोर तिने गाडी उभी केली. डेटलेफने हेल्मेटची काच पुसली, हातमोजे नीट केले आणि गंभीरपणे म्हणाला, "आता." जणू तिला ढकलून विमानातून खाली सोडायचं होतं.

आणि मग सुरू झालं.

ब्रे हिलच्या उतारावर: "इथे डावीकडून धरा!" क्वार्टरब्रिजला: "आता ब्रेक! आधी पुढचा!" ईलिश ताशी तीस मैलांनी चालली होती, पुढे दुधाचा टँकर होता आणि मागून हा बोंबलत होता. बॅलाक्रेनला उजवीकडे वळताना तो म्हणाला, "गुडघा जरा बाहेर काढा."

"गुडघा बाहेर काढला तर आत परत जाणार नाही!" ती ओरडली. "बसा गप!"

कर्क मायकलला वुना किनिश तिच्या दारातच उभी होती. वुना ईलिशची शाळेपासूनची मैत्रीण. तिने हात केला आणि ईलिश थांबली. बेटावर कुणी हात केला आणि आपण थांबलो नाही, तर पुढचे सहा महिने ते ऐकावं लागतं.

"मागे कोण गं?" वुनाने विचारलं.

"पाहुणा. फेरी मारायला निघालोय."

"तू? फेरी?" वुनाला हसू आवरेना. "बरं, तुला डोंगरावरूनच घरी जायचंय ना, मग ही अंडी घेऊन जा. डझनभर आहेत. पाहुण्याच्या मांडीवर ठेव."

डेटलेफ घड्याळ बघत होता. संध्याकाळी सहाला रस्ता बंद होणार होता. "क्रेबिनबाई, वेळ—"

"होईल वेळ, भरपूर आहे," वुना म्हणाली. बेटावरचा प्रत्येक माणूस हेच म्हणतो, म्हणूनच कुठलंही काम वेळेत होत नाही. अंड्यांचा खोका त्याच्या हातात कोंबून ती तिच्या गुडघेदुखीबद्दल बोलायला लागली.

अखेर निघाले, तर पुढे बॅलॉचा पूल. शर्यतीतल्या गाड्या या पुलावरून अक्षरशः उडतात. ईलिश पुलाला लागली तशी मागून केविलवाणी हाक आली, "हळू! अंडी!" इतका वेळ वेग वाढवा म्हणणारा माणूस! ती गोगलगायीसारखी पूल चढली, उतरली. सल्बीच्या सरळ रस्त्यावर मात्र त्याला पुन्हा जोर चढला. "पाचवा गिअर! इथे पाचवाच पाहिजे! इंजिन बघा कसं रडतंय!"

रामसे शहर आलं तेव्हा तिचं डोकं हेल्मेटच्या आत तापून भट्टी झालं होतं. सिग्नलला थांबून तिने काच वर केली आणि मागे वळून एकेक शब्द सुटा सुटा म्हणाली, "डेटलेफ. आता ग्रँडस्टँड येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. गाडी पेटली तरी नाही. मी समुद्रात चालले असेन तरी नाही. कळलं?"

डेटलेफने मान हलवली. मान हलवतानाही त्याने आवाज केला नाही.

डोंगराचा रस्ता लागला. या आठवड्यांत तो एकाच दिशेचा असतो, समोरून कुणी येत नाही. शहराची घरं मागे पडली, दोन्हीकडे मोकळी पिवळट कुरणं आणि खाली समुद्र, अगदी कढईतल्या दुधासारखा शांत. मागचा माणूस खरंच गप्प झाला होता. ईलिशचे खांदे सैल झाले. गाडी चौथ्या गिअरमध्ये एका लयीत चढायला लागली. उद्या शाळेत मासे करावेत की खिमा, बटाटे किती लागतील, नवीन पोरगी सोलताना अर्धा बटाटा सालीबरोबर टाकते तिला काय सांगावं. बहिणीकडून परतताना गेली तीस वर्षं ती असाच विचार करत याच रस्त्याने घरी येत होती.

क्रेग-नी-बा या खानावळीपाशी शर्यतीचा मार्ग उजवीकडे वळतो. खानावळीच्या शेजारून एक लहान रस्ता सरळ जातो, तो ईलिशच्या घराकडे.

ईलिश सरळ गेली.

कुंपणांमधून, हॉथॉर्नच्या पांढऱ्या फुलांमधून, दोन शेतं आणि एक चढ पार करून तिने सवयीने फाटकाशी गाडी थांबवली, स्टँड लावला, किल्ली काढली. मग तिचं लक्ष फाटकाच्या हिरव्या रंगाकडे गेलं.

"डेटलेफ," ती म्हणाली. "हे माझं घर आहे."

तो बोलला नाही.

"अहो, बोला ना आता!"

"परवानगी आहे?"

"मी वळले तेव्हा तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं ना."

"मग पाठीत गुद्दा घालायचा! किंचाळायचं!"

"तुम्ही म्हणालात, एक शब्द नाही. समुद्रात चालले असेन तरी नाही." अंड्यांचा खोका त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. "मला वाटलं, गॅसवर काही ठेवलं असेल."

ईलिशला कुणाला तरी शिव्या द्यायच्या होत्या आणि तिथे तिच्याशिवाय चुकलेलं कुणीच नव्हतं. तिने त्याच्या हातातून खोका ओढून फाटकाच्या खांबावर ठेवला, गाडी वळवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाचवा गिअर टाकला.

क्रेगला पोचली तर लहान रस्त्याच्या तोंडाशी दोर बांधलेला. दोरापलीकडे नारिंगी जाकीट घालून तिचा धाकटा भाऊ फिनलो उभा होता. तो तिथे स्वयंसेवक होता, गेली कित्येक वर्षं त्याच कोपऱ्यावर.

"फिनलो, सोड दोर. खाली ग्रँडस्टँडपर्यंतच जायचंय."

"रस्ता बंद झाला."

"कधी?"

"आत्ताच. रस्ता बंद करणारी गाडी फिरून गेली."

"आत्ताच म्हणजे अजून कोण येतंय? सोड."

"ईलिश, आई आली असती तरी सोडलं नसतं."

"आई आली असती तर तुझा कान धरून तुलाच दोराने बांधलं असतं! अरे, याची उद्या बोट आहे. तीनच मैल राहिलेत. अठरा वर्षांत पहिल्यांदा एवढे कमी राहिलेत."

फिनलोने डेटलेफकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "पण तुम्ही या रस्त्याने कसे आलात? डोंगरावरून येत होतात ना?"

ईलिशने हेल्मेटची काच पुसायला घेतली. डेटलेफ सभ्यपणे आकाशाकडे बघत राहिला.

"अगं तू घरी गेलीस?" फिनलो म्हणाला. "फेरी मारता मारता घरी गेलीस?" त्याने शिट्टी खिशात टाकली आणि दोराला धरून हसत सुटला. दोर मात्र सोडला नाही.

ते दोघं भिंतीवर बसले. खानावळीतून तिने चिप्स, चीज आणि रस्सा आणला, ते डेटलेफने एका हाताने खाल्लं. पहिल्या गाड्या डोंगरावरून उतरल्या, त्यांच्या समोरून वळल्या आणि कानात नुसता घणघणाट ठेवून गेल्या. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो गाड्या बघतच नव्हता, ग्रँडस्टँडकडे जाणारा रस्ता बघत होता.

"माझं चुकलं," ईलिश म्हणाली. तिला ते वाक्य बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते जरा रागावल्यासारखंच निघालं.

"नाही. नियम माझाच आहे. मार्ग सोडला, फेरी बाद."

"मग बदला ना तो मेला नियम! थोड्या वेळाने रस्ता उघडेल, राहिलेला तुकडा जोडून टाकू."

"जोडलेली फेरी मी कुणाला सांगू?" तो शांतपणे म्हणाला. "मला स्वतःलाच सांगता येणार नाही."

थोड्या वेळाने वर धुकं उतरायला लागलं. बेटाचा जुना समुद्रदेव मॅनॅनन डोंगरावर पांघरूण ओढतो, असं इकडे म्हणतात. सराव अर्ध्यात थांबवला. रस्ता उघडल्याची गाडी गेली, फिनलोने दोर गुंडाळला. डोंगराचा भाग बंदच राहिला, म्हणजे आज नवी फेरी मारायचाही प्रश्न मिटला.

"झालं," डेटलेफ उठला. "चला घरी. सामान भरायचंय. तुम्ही मला इथवर आणलंत, एवढं पुष्कळ झालं, क्रेबिनबाई."

त्या 'पुष्कळ झालं'ने ईलिशचं डोकं पुन्हा गरम झालं. चिडलेला माणूस तिला कळायचा, असा समजूतदार माणूस सोसायचा नाही.

"पुढच्या वर्षी कधी येताय?" तिने विचारलं.

"मी सांगितलं ना. हात—"

"तुमच्या हाताचं काय काम आहे? क्लच मी दाबते, गिअर मी टाकते, ब्रेक मी लावते. तुम्ही आज मागे बसून काय केलंत? अंडी धरलीत. तेवढा हात पुढच्या वर्षीही चालेल."

"पण तुम्ही दरवर्षी म्हणता, पुढच्या वर्षी पाहुणा ठेवणार नाही."

"यंदाही म्हणणारच आहे. ते माझं मी बघेन." तिने किल्ली फिरवली. "पहिल्या कोरड्या दिवशी निघायचं. खुर्चीत बसून चार दिवस घालवायचे नाहीत. वुनाने हात केला तर तुम्ही दुसरीकडे बघायचं, मीही बघेन, मग ती सहा महिने काय बोलायचं ते बोलू दे. आणि क्रेग आलं, की माझ्या उजव्या खांद्यावर जोरात थापटायचं. जोरात. कळलं?"

डेटलेफ सावकाश मागच्या सीटवर चढला आणि बरा असलेला हात तिच्या खांद्यावर ठेवला. फिनलोने खाली ग्रँडस्टँडकडे जाणारा मोकळा रस्ता दाखवून हात केला. ईलिशने नाही म्हणून मान हलवली आणि गाडी घराच्या रस्त्याला घातली. खालचा तो तुकडा पुढच्या वर्षासाठी राखायचा होता.

पहिल्या चढाशी मागून आवाज आला.

"क्रेबिनबाई, आता बोललं तर चालेल?"

"बोला."

"क्वार्टरब्रिजला तुम्ही ब्रेक फार उशिरा लावलात. आणि बॅलाक्रेनला गुडघा—"

ईलिशने गिअर एक खाली टाकला आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळला. इंजिन इतकं किंचाळलं, की पुढचं तिला काहीच ऐकू आलं नाही. तो मात्र फाटकापर्यंत बोलतच होता.