सज्जन साहेबांची मोटार

महायुद्ध ऐन भरात होतं, पेट्रोल औषधासारखं मोजून मिळत होतं, आणि अशा वेळी मी जबलपुरातली सगळ्यात जास्त पेट्रोल पिणारी मोटार विकत घेतली.

मी तेव्हा तिथल्या लष्करी फॅक्टरीत कामगारांवर देखरेख करणारा चार्जमन होतो. लढाईच्या घाईत लॉरी चालवायलाही शिकलो होतो. धाकटी बहीण कमल लग्नाची झाली होती, आणि नागपूरची दोन स्थळं 'एवढ्या लांब जंगलात कोण सोयरीक करतो' म्हणून परत गेली होती. नागपूरचंच तिसरं स्थळ यायचं ठरलं त्याच सुमाराला कळलं, की जवळच्या एका जहागीरदारीणबाईंना त्यांची विलायती मोटार पोसवेना आणि त्यांनी ती भंगाराच्या भावात काढली आहे. मला वाटलं, पाहुण्यांना असल्या मोटारीतून घरी आणलं की अर्धी बोलणी रस्त्यातच उरकतील. (बोलणी रस्त्यातच झाली, हे खरं आहे.)

मोटार होती मात्र राजेशाही! मागे मखमलीचा कोच, खिडक्यांना रेशमी पडदे, पाय ठेवायला गुबगुबीत पाट. पुढे ड्रायव्हरच्या नशिबी कातड्याचं टणक बाकडं. मध्ये जाड काच, आणि मालकाने हुकूम सोडावा म्हणून एक बोलायची नळी. तिचं एक टोक मालकाच्या हाताशी, दुसरं ड्रायव्हरच्या कानाशी. या गाडीचा मालक स्वतःच गाडी हाकेल, असं ती बनवणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसावं.

कांचघरच्या आमच्या गल्लीत ती शिरली तेव्हा तिचं नाक आमच्या दाराशी होतं आणि शेपूट शेजारच्या शुक्लाजींच्या. शुक्लाजींना घराबाहेर पडायचं तर मोटारीच्या एका दारातून आत शिरून दुसऱ्या दारातून उतरावं लागे. पहिल्या दिवशी त्यांनी हे मुलाबाळांसकट हौसेने केलं. पुढे हौस संपली आणि राम-रामही संपला.

पेट्रोलवर तोडगा होता. सदर बाजारातल्या एका मिस्त्रीने मागच्या बाजूला पिंपाएवढी भट्टी बसवून दिली. तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा, त्याच्या गॅसवर मोटार चालायची. निघण्याआधी तासभर भट्टीशी बसून पंख्याने वारा घालावा लागे. आमच्या सौभाग्यवतींनी हे सगळं दारात उभं राहून बघितलं आणि एवढंच विचारलं, "घरच्या शेगडीला कोळसा मिळून नाही राहिला, तुम्ही मोटारीला काहून चारून राहिले?" मी पंखा जोरात हलवला.

पाहुणे यायच्या दिवशी फॅक्टरीत काम वाढलं. ड्यूटी संपताच खाकी कोट-टोपी न उतरवता मी भट्टी पेटवली. घाईघाईत फुंकर मारायला वाकलो, आणि भट्टीने उलटी फुंकर मारली. तोंड पुसायला वेळ नव्हता. हाऊबाग स्टेशनावर पोचलो तर गोंदियाची छोटी गाडी लागलेली, आणि मुलाचे आई-वडील, म्हणजे काका-काकू, बाहेर येऊन उभे. मुलाला रजा मिळाली नव्हती. मोटार बघून काकांचा चेहरा उजळला. त्यांनी ट्रंक माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सम्हाल के रखो, भैया."

आता इथे कोणीही शहाण्या माणसाने हसून सांगितलं असतं, की मी मुलीचा भाऊ. पण मी काचेत माझं तोंड पाहिलं. भुवयांपासून हनुवटीपर्यंत निव्वळ काजळी! मुलीच्या भावाची पहिली ओळख अशी होऊ नये, असं मला वाटलं. यांना पुढच्या दाराशी उतरवायचं, मागच्या दाराने शिरायचं, तोंड धुऊन धोतर-कोट-टोपी चढवायची आणि भारदस्तपणे बाहेर यायचं, असा बेत मी तिथल्या तिथे आखला. ट्रंक डोक्यावर घेतली.

गाडी सुरू झाली, आणि कानाशी नळी खाकरली. काकूंना ती फारच आवडली असावी.

"भैया, तुम्हारे साब का स्वभाव कैसा है?"

माणसाच्या आयुष्यात अशी संधी एकदाच येते. मी नळीला तोंड लावून म्हणालो, "साहब तो बहुत सज्जन आदमी हैं, माँजी."

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. साहेब पितात का? मी सांगितलं, सुपारीसुद्धा खात नाहीत. चिडतात का? मी सांगितलं, त्यांचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकलेला नाही. घरात त्यांचं चालतं का? मी सांगितलं, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. (हे सांगताना गाडी जरा वाकडी गेली.) अक्कलहुशारीचं विचारलं तेव्हा तर मी थांबायलाच तयार नव्हतो. फॅक्टरीतले गोरे अधिकारी साहेबांना विचारल्याशिवाय पान हलवत नाहीत, लढाईचं पुढे काय होणार हे साहेब आधीच सांगतात, असं काहीबाही सांगत सुटलो. नळीतून नुसतं "अच्छा, अच्छा" येत राहिलं.

रेल्वेच्या पुलाच्या चढणीवर मात्र गॅस संपला. मोटार चढणीच्या मधोमध थांबली आणि सावकाश मागे यायला लागली. मी ब्रेक दाबून नळीत ओरडलो, चाकाखाली दगड लावा. काका नव्या कोटानिशी उतरले, दगड लावला, आणि मग ठोसे मारून मारून भट्टी जागी होते का, हेही बघितलं. भट्टीला फुंकर कुठे मारायची, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. थोड्याच वेळात आमच्या दोघांच्या चेहऱ्यांत फरक राहिला नाही.

शेवटी भुशाची गाडी घेऊन चाललेल्या एका माणसाने दया येऊन आपले बैल सोडले आणि मोटारीला जुंपले. काकू मखमलीवरून उतरल्या नाहीत. तशी आमची वरात कांचघरच्या गल्लीत शिरली. शुक्लाजी दारातच होते. त्यांनी बैलांना नमस्कार केला.

ठरल्याप्रमाणे मी मागच्या दाराने पळालो. मोरीत तोंड घासून लाल केलं, कपडे बदलले, आणि दिवाणखान्यात येऊन आदबीने नमस्कार केला. काका टॉवेलने कान पुसत होते. काकूंनी मला बसायला सांगितलं आणि आमच्या ड्रायव्हरची चौकशी केली. फार बडबड्या आहे, म्हणाल्या, पण इमानी दिसतो, त्यालाही चहा द्या. सौभाग्यवती बुचकळ्यात पडून म्हणाल्या, "कोणता ड्रायव्हर? मोटार हेच तर चालवतात."

तेवढ्यात कमल पोहे घेऊन आली आणि मान खाली घालायच्या ऐवजी माझ्याकडे बघत राहिली. "दादा," ती हळूच म्हणाली, "कानात अजून कोळसा आहे."

मग काकूंनी मला टोपीपासून पायापर्यंत निरखलं आणि शुद्ध मराठीत विचारलं, "म्हणजे ते सज्जन साहेब तुम्हीच का?"

मी मान हलवली. कमलला हसू आवरेना. पोह्यांची ताटली हलायला लागली तशी तिने ती सरळ काकूंच्या मांडीवर ठेवली आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम इथे संपला. हे स्थळही गेलं, असं धरून मी रात्रभर त्या मिस्त्रीला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

सकाळी पाहुण्यांनी टांगा मागवला. (मोटारीचं नाव कोणी काढलं नाही.) टांग्यात बसल्यावर काकूंनी सौभाग्यवतींना जवळ बोलावलं.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," त्या म्हणाल्या. "ज्या घरात माणसाला आपली तारीफ आपल्याच तोंडाने करावी लागते आणि घरचीच माणसं त्याला लगेच उघडं पाडतात, त्या घरात लबाडी चालत नसेल. आणि पोरगी हसते छान."

लग्न झालं. कमल नागपूरला सुखाने नांदली. मोटार पुढे एका ठेकेदाराने नेली, मागचा कोच कापून टाकला आणि तिच्यातून विटा वाहायला सुरुवात केली. पुष्कळ वर्षं ऐटीत काढल्यावर शेवटी एकदाची ती कामाला आली, असं आमच्या सौभाग्यवती म्हणतात, आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहतात.