पतीचे नाव सांगा

आमच्या विंझर गावच्या मोहिनीला बाया विचारायच्या, "पुण्यात नेमकं करतीस काय गं?" ती म्हणायची, "मोबाईलवर माणूस कुठं अडखळतंय ते बघायचं आन तिथला दगड काढायचा." यूएक्स डिझायनर. शेतकऱ्याची पोर, अभिमान वाटायचा तिचा.

तिच्या कंपनीनं वाड्यावस्त्यांसाठी फिरत्या दवाखान्याची गाडी बोलावायचं ॲप काढलं. वाचता येत नसेल तर नुसतं बोलायचं. ॲप विचारणार, बाईनं सांगायचं: स्वतःचं नाव, पतीचं नाव, वस्ती. प्रश्न मोहिनीचे. चाचणी झाली वरवे बुद्रुकच्या तरण्या सुनांवर. सगळ्या फटाफट बोलल्या. पुढं वस्त्यांवर घरोघर फिरून ते ॲप मोबाईलात घालून दिलं मीच. तेही सांगून टाकतो.

माघात वरच्या धनगरवाड्यातली माणसं लग्नाला खाली गेलेली. घरात दोघंच, गेनबा आणि धोंडाबाई. दुपारी गेनबांना धाप लागली. धोंडाबाईनं ॲप लावलं. गाडी आलीच नाही. दिवस मावळायच्या आत गेनबा गेले.

मी मोहिनीला फोनवर झाडली. "कुठं मेली तुझी गाडी?"

"दादा, मागणीच आली न्हाई आमच्याकडं."

"मग म्हातारी खोटं बोलती व्हय?"

तिनं नोंदी काढल्या. तीनदा ॲप लावलेलं, तिन्हीपुढं एकच शेरा: वापरकर्ता मध्येच निघून गेला. मग तिनं आवाज ऐकला, मलाही ऐकवला.

"आपले नाव सांगा." "धोंडाबाई." "पतीचे नाव सांगा." पुढं काही नाही. दहा सेकंदांत नाव मिळालं नाही की ॲप "धन्यवाद" म्हणून बंद. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा दबका आवाज, "अगं बाय, त्येंचं नाव कसं घिऊ? हितंच निजल्यात. तू गाडी धाड की!" मागं गेनबांची धाप. धन्यवाद.

हे मोहिनीला ठाऊक नव्हतं? तिची आई आजही नवऱ्याला 'मोहिनीचे बाबा' म्हणते! आणि मला तरी कुठं सुचलं?

तो प्रश्न काढून टाकायला कंपनीत चार मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी मोहिनी चढ चढून वाड्यावर आली. शेजारची चंद्राबाई दारातच कडाडली, "आली का शिकलेली! आता मशीनपुढं उखाणं घ्यायचं का आमी?" मोहिनी मान खाली घालून आत गेली, धोंडाबाईच्या पायाशी बसली. "मावशी, चूक माझी. प्रश्न म्या लिवला हुता."

म्हातारीनं तिच्या तोंडावरनं हात फिरवला. "तुझी कसली चूक, बाय? माझीच जीब उचलली न्हाई. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी हुतंय म्हंत्यात. म्हनून गप ऱ्हायले."

मोहिनी तासभर समजावत राहिली, रडत राहिली. पण म्हातारीनं ती चूक तिला काही दिली नाही. स्वतःकडंच ठेवली.