तिच्या बाटलीतलं मीडियम

पुण्याच्या कसब्यात वाढलेल्या माणसाला बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. एमएस्सीच्या दोन वर्षांत मीही प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना फटाफट तोंडावर बोलून मोकळी व्हायचे. जे एकदाच बोलायला हवं होतं, ते मात्र बोलले नाही.

माझ्या शेजारच्या बाकावर यवतमाळची मैत्रीण काम करायची. दोघींचं काम पेशी वाढवण्याचं. माझ्या पेशी कॅन्सरच्या, हावरट. बघता बघता अख्खा फ्लास्क भरायच्या. तिच्या अगदी संथ. रविवारीसुद्धा ती कर्वेनगरच्या खोलीवरून त्यांना बघायला यायची. मी म्हणायचे, "अगं, पेशी आहेत त्या, आजारी सासू नाही." ती नुसती हसायची. तिला पुढे पीएचडीची जागा मिळाली होती. अट एवढीच, की प्रबंध जूनच्या आत द्यायचा.

पेशींना जे पातळ खाद्य घालतात, ते मीडियम. त्याची बाटली ज्याची त्याने वापरायची, टूथब्रशसारखी. एका दुपारी माझं संपलं. नवं करायचा कंटाळा आला, म्हणून तिची बाटली उचलली, आणि माझ्या फ्लास्कमध्ये बुडवलेली पिपेट घाईत पुन्हा तिच्या बाटलीत घातली. पिपेटला चिकटलेल्या माझ्या पेशी तिच्या मीडियममध्ये गेल्या असणार, हे लक्षात आलं तशी थबकले. मग मनाशी म्हटलं, एवढ्याने काय होतंय. बाटली होती तिथे ठेवून दिली.

काही आठवड्यांनी तिच्या पेशी भराभर वाढायला लागल्या. ती मला हाताला धरून मायक्रोस्कोपपाशी घेऊन गेली. "बघ न, कशा वाढून राहिल्या आता." मी पाहिलं. रोज बघितलेल्या पेशी ओळखू येणार नाहीत का? त्या माझ्या होत्या.

"मस्त," मी म्हटलं.

त्या दिवशी बोलले असते तर तिच्या हातात वेळ होता. तिने त्याच पेशींवर दोन महिने प्रयोग केले. मग पेशी नक्की कुठल्या, ते ठरवणाऱ्या तपासणीचा अहवाल आला. आमचे मार्गदर्शक सर सगळ्यांदेखत एवढंच म्हणाले, "अभिनंदन. दुसऱ्याच्या पेशी छान सांभाळल्यात." त्या प्रकारच्या पेशी आम्ही चौघं वापरत होतो, त्यामुळे माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. तिच्या गोठवून ठेवलेल्या मूळ पेशींपासून नव्याने सुरुवात करायची तर जून हातचा गेलाच होता. पीएचडीची जागाही गेली.

ती गावी जायला निघाली, तेव्हा मी तिच्या खोलीवर गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मी पलंगावर बसून रडत होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"तू काऊन रडून राहिली?" ती म्हणाली. मग घडी हातात तशीच धरून थांबली. "माझ्या बाटलीतलं मीडियम तू कधी वापरलं तर नाही न? वापरलं असशील तर तुझ्या पेशी आजच तपासून घे. तुझं तरी वाचू दे."

"नाही," मी म्हटलं.

"मग बरं झालं," ती म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.