मंडपात मोडलेली डिस्क

दीड महिन्यापूर्वी दिलीप गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मुकुंदवाडीच्या बाजारात मेथी बघत होते. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. मेथीही घेतली. सख्खा आतेभाऊ गेला, आणि माझ्या डोळ्यांत टिपूस नाही... मातीलाही गेले नाही. पंधरा वर्षं मी त्याच्याशी बोलत नव्हते आणि आपलंच बरोबर आहे, याची मला पक्की खात्री होती.

दिलीप चितेगावच्या एका कारखान्यात होता. बोनस मिळाल्यावर त्यानं डीव्हीडी रेकॉर्डर आणला आणि आमच्या डोक्याला ताप झाला. माणूस उंबऱ्यात आलं की याचं प्रवचन सुरू. "आक्का, आरडब्ल्यू डिस्क म्हंजे पाटी. पुसा न् पुन्हा लिहा. नुसती आर म्हंजे काळ्या दगडावरची रेघ." मॅच पाटीवर, बारसं-लग्न दगडावर. "लई शहाणा झालास," मी म्हणायचे. पण जीव होता माझा त्याच्यावर, खोटं कशाला बोलू.

माझे वडील, अण्णा, भीमगीतं गायचे. पेटी घेऊन वस्त्यावस्त्यांत हिंडले, पण त्यांचा आवाज कुणी भरून ठेवला नव्हता. त्यांना दम लागायला लागला, तेव्हा दिलीप त्यांना आपल्या घरी घेऊन गेला, भाड्याचा कॅमेरा रेकॉर्डरला जोडला आणि समोर बसवलं. "मामा, तुमच्यासाठी दगडावरची घेतलीय," म्हणाला. अण्णा थकून परत आले. "एक गाणं राह्यलंय, पुढच्या आठवड्यात जाईन," म्हणाले. त्याच्या आतच ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपात अण्णांचा आवाज लावायचा, असं मी ठरवलं. दिलीप ड्युटीवर होता. त्याला न विचारता त्याच्या घरून डिस्क घेऊन आले. बुद्धवंदना झाली, सगळ्या वस्तीसमोर मी शेजाऱ्यांच्या प्लेअरमध्ये डिस्क घातली, आणि टीव्हीवर अक्षरं आली... डिस्क वाचता येत नाही. पुसून लावली, पुन्हा लावली, तेच. मागं कुणीतरी हसलं. तेवढ्यात दिलीप धापा टाकत मंडपात शिरला. "आक्का, थांब, ती अजून..." मी थांबते होय! "माझ्या बापावर मॅच भरलीस ना, मेल्या?" म्हणाले आणि सगळ्यांदेखत डिस्क गुडघ्यावर मोडली. तो खाली बसला, तुकडे गोळा केले आणि निघून गेला. गप्प बसला म्हणजे चोरच, असं मी सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरले. त्याच्या पोरीच्या लग्नाचं आमंत्रणही परत पाठवलं.

परवा, लोक काय म्हणतील म्हणून, त्याच्या बायकोला, लताला, भेटायला गेले. तिनं पाणी दिलं आणि सरळच सांगितलं, "गाणी होती त्याच्यात, आक्का. पाच."

एक गाणं राहिलं होतं म्हणून दिलीपनं डिस्क बंद केली नव्हती. बंद केली की पुढं काही भरता येत नाही, आणि बंद केल्याशिवाय ती दुसऱ्या मशीनवर चालत नाही. त्याच्या रेकॉर्डरवर दहा मिनिटांचं काम होतं. मी डिस्क नेल्याचं लतानं फोनवर कळवताच तेवढंच सांगायला तो मंडपात पळत आला होता.

"मग नंतर तरी बोलला का नाय गं तो?"

"म्हणायचे, आक्कानं बापाचा आवाज स्वतःच्या हातानं मोडलाय. कळलं तर ती जगायची नाय. मला शिव्या देऊन जगतीय ना, जगू दे." लतानं माझ्यापुढचा पेला उचलला. "मी तेव्हाच त्यांना म्हणले होते, तुम्ही असेस्तवर गप बसंन. आता ते नायत. आता तुम्ही जगून दाखवा."